बारा वाजून वीस मिनिटांनी लागलेलं गाणं

रेडिओसमोर बोलायला बसलं की मला हमखास एक गाणं आठवतं. त्याची भाषा मला येत नाही, चाल मात्र आता पाठ झाली आहे.

२५ एप्रिल १९७४ ची रात्र. पोर्तुगालची राजधानी लिस्बन. मध्यरात्र उलटून वीस मिनिटं झाली होती. ‘रेडिओ रेनासेन्सा’ या केंद्रावर एक गाणं लागलं. सुरुवातीला खडीवरून एका तालात चालणाऱ्या पावलांचा आवाज आणि मग कोणत्याही वाद्याच्या साथीशिवाय पुरुषांचे सूर. जुझे आफोंसो या कवी-गायकाने ग्रांदोला नावाच्या गावावर आणि तिथल्या माणसांच्या भाईचाऱ्यावर रचलेलं ते गाणं. अंथरुणावर पडून ऐकणाऱ्यांना त्यात काही वेगळं वाटलं नसेल. पण ठिकठिकाणच्या लष्करी छावण्यांत काही तरुण कॅप्टन आणि मेजर रेडिओला कान लावून बसले होते. त्यांच्यासाठी तो निरोप होता : ठरल्याप्रमाणे निघा. उजाडेपर्यंत रणगाडे लिस्बनच्या रस्त्यांवर होते आणि दिवस मावळेपर्यंत जवळजवळ अठ्ठेचाळीस वर्षांची हुकूमशाही संपलेली होती.

आज मला त्या रात्रीविषयी बोलायचं आहे. पण त्याहून जास्त बोलायचं आहे ते त्यानंतरच्या दोन वर्षांविषयी. कारण हुकूमशाही एका दिवसात जाऊ शकते, लोकशाही मात्र एका दिवसात येत नाही.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही, कविता लिहिणारा माणूस आहे. बी. ए.ला राज्यशास्त्र होतं आणि त्यात ‘तुलनात्मक राजकारण’ नावाचा एक पेपर होता. आमची तुलना म्हणजे वहीच्या पानावर मधोमध एक उभी रेघ. डावीकडे ब्रिटनचा पंतप्रधान, उजवीकडे अमेरिकेचा अध्यक्ष. पाच मुद्दे इकडे, पाच मुद्दे तिकडे. पास झालो. पण ही तुलना करायची कशासाठी, हे कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

ते कळलं एका प्रश्नामुळे. एका तालुक्याच्या गावी कविसंमेलन होतं. कार्यक्रम संपल्यावर चहा घेताना एक निवृत्त शिक्षक जवळ आले. कवितांचं मनापासून कौतुक केलं आणि म्हणाले, “सर, रागावणार नसाल तर एक विचारतो. तुमच्याकडे लोकशाही का रुजत नाही हो?” मी म्हटलं, “गुरुजी, आमच्याकडे म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यात ना? तिथे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत सख्खे भाऊ महिनाभर एकमेकांशी बोलत नाहीत, इतकी रुजली आहे!” सगळे हसले, गुरुजीही हसले. पण त्यांना काय विचारायचं होतं ते मला कळलं होतं आणि मी उत्तर टाळलं, हे त्यांनाही कळलं होतं. त्यांचा प्रश्न कुत्सित नव्हता. मुसलमान बहुसंख्य असलेल्या देशांत एवढे हुकूमशहा का, असं त्यांना विचारायचं होतं.

त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी पुस्तकांमधून लिस्बनला जाऊन पोहोचलो.

एकाच तुरुंगाच्या भिंती

सालाझार हे नाव आपल्याला माहीत आहे ते गोव्यामुळे. मूळचा हा अर्थशास्त्राचा प्राध्यापक. मे १९२६ मध्ये पोर्तुगालच्या सैन्याने लोकनियुक्त सरकार उलथवलं आणि पुढे देशाचा हिशेब जमेना म्हणून १९२८ मध्ये या प्राध्यापकाला अर्थमंत्री केलं. १९३२ मध्ये तो पंतप्रधान झाला आणि १९६८ पर्यंत त्या जागेवरून हलला नाही. त्याने आपल्या राजवटीला ‘नवं राज्य’ असं नाव दिलं होतं. त्या राज्यात निवडणुका व्हायच्या, पण विरोधक कधी निवडून येत नसत. वर्तमानपत्रं निघायची, पण आधी सेन्सॉरच्या टेबलावरून जायची. आणि सर्वांवर नजर ठेवायला ‘पिदे’ नावाचे गुप्त पोलीस होते. गोव्यातली जुनी माणसं सांगतात, की लग्नपत्रिका छापायची तरी सेन्सॉरची परवानगी लागायची.

गोव्याची गोष्ट सांगताना आपण पोर्तुगीज म्हणजे जुलमी आणि गोवेकर म्हणजे पीडित अशी सरळ रेघ ओढतो. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. १९४६ च्या १८ जूनला डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात सभाबंदी मोडली आणि गोव्यात नवी चळवळ उभी राहिली. तिच्यातले ज्येष्ठ नेते त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांना पकडून पोर्तुगालमधल्या पेनिश इथल्या सागरी किल्ल्यात नेऊन डांबण्यात आलं. त्याच किल्ल्यात सालाझारचे पोर्तुगीज विरोधकही खितपत पडले होते. कम्युनिस्ट नेते आल्व्हारो कुन्याल जानेवारी १९६० मध्ये तिथूनच पळाले. आपल्या सांगलीचे मोहन रानडे गोव्यात शिक्षक म्हणून गेले आणि क्रांतिकारक झाले. १९५५ मध्ये ते पकडले गेले आणि शिक्षा भोगायला लिस्बनजवळच्या काशियास तुरुंगात पोहोचले. त्यांच्या सुटकेसाठी खटपट करणाऱ्यांत आपले बाबूजी, सुधीर फडके, होते. गोवा १९६१ मध्ये स्वतंत्र झाला, तरी रानडे १९६९ च्या जानेवारीपर्यंत सुटले नाहीत. आणि त्याच काशियासचे दरवाजे २५ एप्रिलनंतर उघडले, तेव्हा पोर्तुगीज राजकैदी बाहेर आले.

म्हणजे गोव्याला कोंडणारे हात आणि पोर्तुगीज माणसाला कोंडणारे हात एकच होते. दोन वेगळे रकाने शेजारी ठेवले आणि मधली रेघ पुसली, तेव्हा मला हे दिसलं.

कॅप्टन लोकांचं बंड

या बंडाच्या मुळाशी गोव्याचा एक धागा आहे. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरलं तेव्हा सालाझारने लिस्बनहून हुकूम पाठवला होता, की शरणागती नको, शेवटच्या माणसापर्यंत लढा. गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हा यांच्याकडे तीन-साडेतीन हजार सैनिक होते आणि समोर भारताचं सैन्य होतं. त्यांनी १९ डिसेंबरला शरणागती पत्करली आणि आपल्या माणसांचे जीव वाचवले. बक्षीस म्हणून सरकारने त्यांना सैन्यातून काढून टाकलं. पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या मनात ही गोष्ट घर करून राहिली. हरायचं ठरवणार सरकार आणि कलंक लागणार सैनिकाला, हे त्यांनी पाहिलं होतं.

त्याच वर्षी अंगोलात युद्ध पेटलं. १९६३ मध्ये गिनी-बिसाव, १९६४ मध्ये मोझांबिक. नव्वद लाखांच्या आसपास वस्तीचा, युरोपातल्या गरीब देशांपैकी एक असलेला पोर्तुगाल आफ्रिकेत तीन आघाड्यांवर लढत होता. सक्तीच्या लष्करी सेवेतून सुटण्यासाठी तरुण पोरं चोरवाटांनी फ्रान्समध्ये पळत होती. १९६८ मध्ये सालाझार खुर्चीवरून पडला, मेंदूला इजा झाली आणि मार्सेलो काएतानो पंतप्रधान झाला. युद्ध मात्र थांबलं नाही. जंगलात दुसऱ्या-तिसऱ्यांदा पाठवले जाणारे कॅप्टन आपसांत बोलू लागले, की हे युद्ध जिंकता येणार नाही आणि उद्या हरलो की गोव्यासारखं खापर आपल्याच डोक्यावर फुटणार. त्यात १९७३ मध्ये सरकारने बढतीचे नियम बदलले. सप्टेंबर १९७३ पासून गुप्त बैठका सुरू झाल्या. आधी तक्रार बढतीची होती, मग युद्धाची झाली आणि शेवटी राजवटीचीच.

त्या दिवसाच्या गोष्टी पोर्तुगालमध्ये आजही रंगवून सांगतात. सांतारेमच्या छावणीतून निघालेला एकोणतीस वर्षांचा कॅप्टन साल्गेरो माइया लिस्बनमध्ये शिरताना लाल सिग्नलला गाड्यांचा ताफा थांबवून उभा राहिला होता, असं म्हणतात. नदीकाठी सरकारी रणगाडे त्याच्या समोर आले. ब्रिगेडियरने गोळीबाराचा हुकूम दिला, पण रणगाड्यातल्या शिपायाने तो पाळला नाही. रेडिओवरून लोकांना सारखं सांगितलं जात होतं, घराबाहेर पडू नका. लोकांनी काय केलं? सगळे रस्त्यावर आले. एका उपाहारगृहात काम करणाऱ्या सेलेस्ते काएरो या बाई त्या दिवशी काम बंद झाल्यामुळे कार्नेशनची फुलं घेऊन घरी निघाल्या होत्या. एका सैनिकाने सिगारेट मागितली. ती नव्हती, म्हणून त्यांनी फूल दिलं आणि त्याने ते बंदुकीच्या नळीत खोचलं. पाहता पाहता शहरभर तेच दिसू लागलं. ‘कार्नेशन क्रांती’ हे नाव त्यावरून पडलं.

रक्त मात्र अजिबात सांडलं नाही असं नाही. गुप्त पोलिसांनी आपल्या कचेरीतून जमावावर गोळ्या झाडल्या आणि चार माणसं गेली. संध्याकाळी काएतानोने जनरल स्पिनोलांच्या हाती सत्ता सोपवली. पुढे त्याला ब्राझीलला जाऊ दिलं गेलं.

खरी परीक्षा नंतरची

इथे बहुतेक गोष्टी संपतात आणि फुलांचा फोटो छापला जातो. मला मात्र खरा प्रश्न इथून पुढे दिसतो. बंदुकीच्या जोरावर सत्ता घेतलेल्या माणसांनी ती परत का दिली?

सोपं नव्हतं ते. पुढच्या सव्वादोन वर्षांत सहा हंगामी सरकारं झाली. स्पिनोलांनी सप्टेंबर १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्षपद सोडलं आणि मार्च १९७५ मध्ये त्यांच्याच पाठीराख्यांनी उठाव करून पाहिला. तो फसला. बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, दक्षिणेत शेतमजुरांनी जमीनदारांच्या जमिनी ताब्यात घेतल्या. आफ्रिकेतल्या वसाहती सुटल्या आणि सुमारे पाच लाख माणसं ट्रंका-वळकट्या घेऊन मायदेशी परतली. सैन्यातल्या काहींना वाटू लागलं, की क्रांती आपण केली आहे तर दिशाही आपणच ठरवू, लोकांना अजून समज कुठे आहे?

पण बंडवाल्यांनी पहिल्याच दिवशी एक वचन जाहीर केलं होतं : बारा महिन्यांच्या आत घटना समितीची निवडणूक. ती बरोबर वर्षाने, २५ एप्रिल १९७५ रोजी झाली. त्या वेळी देशातली चौथ्या हिश्श्याच्या आसपास प्रौढ माणसं निरक्षर होती. सैन्यातले काही अधिकारी लोकांना सुचवत होते, की ठरवता येत नसेल तर कोरी मतपत्रिका टाका. जवळजवळ ९२ टक्के मतदारांनी मतदान केलं. कोरी आणि बाद मतं सुमारे ७ टक्के निघाली. समाजवाद्यांना ३८ टक्के, मध्यममार्गी पक्षाला २६ टक्के आणि सर्वांत जास्त आवाज असलेल्या कम्युनिस्टांना साडेबारा टक्के मतं मिळाली. कोण किती पाण्यात आहे ते आकड्यांनी सांगितलं. त्यानंतरही उन्हाळाभर हाणामाऱ्या झाल्या. २५ नोव्हेंबर १९७५ ला सैन्यातल्या डाव्या गटाचं बंड मोडलं गेलं. एप्रिल १९७६ मध्ये राज्यघटना आली. सैन्याची ‘क्रांती परिषद’ मात्र कायद्यांवर देखरेख करत राहिली. तीही १९८२ मध्ये घटनादुरुस्ती करून बरखास्त झाली. म्हणजे रणगाडे एका दिवसात आले आणि पूर्णपणे परत जायला त्यांना आठ वर्षं लागली. पण ते गेले. कॅप्टन माइया तर केव्हाच छावणीत परतला होता. क्रांती परिषदेतली खुर्ची त्याने घेतलीच नाही.

या नव्या पोर्तुगालने आपल्याशी असलेला हिशेबही मिटवला. सालाझार मरेपर्यंत गोवा आपलाच प्रांत म्हणत होता. ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत करार झाला आणि गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेली यांच्यावरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केलं. पोर्तुगालतर्फे सही केली परराष्ट्रमंत्री मारियो सोआरिस यांनी. स्वतः ते सालाझारच्या तुरुंगात राहून आलेले. भारतातर्फे सही करणारे परराष्ट्रमंत्री होते यशवंतराव चव्हाण.

तीन देश, तीन वाटा

आता ती वहीतली उभी रेघ पुन्हा ओढू. पण या वेळी मुद्दे पाठ करायला नाही, प्रश्न विचारायला.

पोर्तुगालचा शेजारी स्पेन. तिथे जनरल फ्रँको २० नोव्हेंबर १९७५ ला अंथरुणात मेला. तिथे बंड झालं नाही. फ्रँकोने वारस नेमलेला राजा हुआन कार्लोस आणि त्याच राजवटीत वाढलेला पंतप्रधान आदोल्फो सुआरेझ यांनी जुन्या संसदेकडूनच नव्या राजकीय व्यवस्थेचा कायदा मंजूर करून घेतला. १८ नोव्हेंबर १९७६ ला ४२५ जणांनी बाजूने हात वर केले, म्हणजे आपल्याच खुर्च्या मोडीत काढायला संमती दिली. एप्रिल १९७७ मध्ये कम्युनिस्ट पक्षावरची बंदी उठली, जूनमध्ये निवडणूक झाली, १९७८ मध्ये घटना आली. या समजुतीची किंमतही होती. यादवी युद्धातल्या आणि नंतरच्या अत्याचारांवर सर्वांनी पडदा टाकला आणि रस्त्याकडेच्या खड्ड्यांत पुरलेल्या माणसांची नातवंडं आजही त्यांची हाडं शोधत आहेत. शिवाय परीक्षा चुकली नाहीच. २३ फेब्रुवारी १९८१ ला पिस्तूल घेऊन एक लेफ्टनंट कर्नल संसदेत घुसला. त्या रात्री राजाने दूरचित्रवाणीवर येऊन सैन्याला घटनेची आठवण करून दिली आणि बंड विरलं.

दुसरा देश आपला शेजारी, पाकिस्तान. मार्च १९७७ मध्ये तिथे निवडणूक झाली, घोटाळ्याचे आरोप झाले, रस्ते पेटले. ५ जुलैला जनरल झिया उल हक यांनी सत्ता घेतली आणि नव्वद दिवसांत निवडणुका घेण्याचं वचन दिलं. पोर्तुगीज कॅप्टननी दिलं होतं तसंच वचन. पण नव्वद दिवस संपले, तारीख पुढे गेली, पदच्युत पंतप्रधान झुल्फिकार अली भुत्तोंना १९७९ मध्ये फाशी झाली आणि निवडणूक आली ती थेट १९८५ मध्ये. तीही पक्षांना वगळून. झिया १९८८ मध्ये विमान अपघातात गेले, तेव्हाही खुर्चीवरच होते. अकरा वर्षं त्यांनी धर्माचं नाव घेतलं. पण वचन पाळणं हीसुद्धा धर्माचीच शिकवण आहे, हे त्यांना कुणी ऐकवायचं?

तिसरा रकाना आपला आहे. तो लिहिताना हात जरा अडखळतो. ज्या वर्षी पोर्तुगालने पन्नास वर्षांत पहिल्यांदा मोकळेपणाने मतदान केलं, त्याच १९७५ मध्ये, बरोबर दोन महिन्यांनी, २५ जूनच्या रात्री भारतात आणीबाणी आली. तिथे रेडिओवरून सुटकेचा इशारा मिळाला होता. इथे २६ जूनच्या सकाळी रेडिओवरून पंतप्रधान इंदिरा गांधींनी आणीबाणी जाहीर झाल्याचं सांगितलं. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. सालाझारची ती खुर्ची जणू बोटीत घालून मुंबई-दिल्लीला आणली होती. त्याच डिसेंबरात कऱ्हाडला मराठी साहित्य संमेलन भरलं. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण. वर्षापूर्वी स्वतंत्र झालेल्या पोर्तुगालशी करारावर सही करणारे तेच यशवंतराव, आता ज्या सरकारात होते त्याने लेखणीला कुलूप लावलं होतं. अध्यक्षा दुर्गा भागवतांनी त्याच मांडवात, तुरुंगवासात आजारी पडलेल्या जयप्रकाश नारायण यांच्यासाठी प्रार्थना करायला लावली. पुढे त्यांनाही तुरुंग दिसला. मला यशवंतरावांविषयी आदर आहे, आणि म्हणूनच ही गोष्ट बोचते. चांगली माणसंसुद्धा वाकतात, तेव्हा एखाद्या एकट्या बाईला ताठ उभं राहावं लागतं.

मी तेव्हा पाच-सहा वर्षांचा. मला राजकारण काय कळणार? एवढंच आठवतं, की नसबंदीच्या धास्तीने अब्बा ताप आला तरी सरकारी दवाखान्यात जायला तयार नसत आणि अम्मी काढा उकळत बसे. आणि आठवते मार्च १९७७ ची ती रात्र. आमच्या आळीत एकाच घरी मोठा रेडिओ होता. त्याच्याभोवती हिंदू, मुसलमान, कोळी, शिंपी सगळे दाटीवाटीने बसले होते. रायबरेलीचा निकाल कळला तेव्हा आधी कुणी ओरडलंच नाही. बातमी खरी वाटेना. मग शेजारचे काका हळूच म्हणाले, “आता त्या खुर्ची सोडतील का?”

लहानपणी ऐकलेला तो प्रश्न मला आज साऱ्या राज्यशास्त्राचं सार वाटतो. इंदिरा गांधींनी खुर्ची सोडली. आणीबाणी लादली त्यांनीच, निवडणूक घेतली त्यांनीच आणि हरल्यावर राजीनामाही दिला. पहिल्या गोष्टीला माफी नाही, पण तिसऱ्या गोष्टीची नोंद घ्यायलाच हवी. काँग्रेसच्या १५४ जागा आल्या, देशात दुसरं सरकार आलं आणि एकही रणगाडा हलला नाही.

गुरुजींना उशिरा दिलेलं उत्तर

अमेरिकन अभ्यासक सॅम्युअल हंटिंग्टन यांनी १९९१ मध्ये लोकशाहीच्या तिसऱ्या लाटेवर पुस्तक लिहिलं. त्याची सुरुवात त्यांनी लिस्बनच्या याच रात्रीपासून आणि याच गाण्यापासून केली आहे. पोर्तुगालनंतर ग्रीस, स्पेन, मग लॅटिन अमेरिका, फिलिपीन्स, दक्षिण कोरिया, १९८९ मध्ये पूर्व युरोप अशी ती लाट पसरत गेली. त्यातली एक गंमत गुरुजींना सांगायला हवी होती. १९७४ च्या आधी पुष्कळ विद्वान म्हणत, की कॅथलिक समाजात लोकशाही रुजत नाही. पोप, चर्च, वरून येणारी आज्ञा यांची सवय झालेली माणसं मतपेटीचं काय करणार? पुराव्याला पोर्तुगाल, स्पेन, सगळी लॅटिन अमेरिका. आणि पंधरा वर्षांत नेमके हेच देश लोकशाहीत आले. धर्म तोच, चर्च तेच. गाणं लागलं ते रेडिओ केंद्रसुद्धा कॅथलिक चर्चचंच होतं. मग बदललं काय? युद्धाने थकलेलं सैन्य, वेळेवर झालेली निवडणूक, पाय रोवलेले पक्ष, शेजारच्या लोकशाही देशांचा आधार आणि हरल्यावर उठून जायची तयारी.

कॅथलिकांविषयीचा तो सिद्धांत मागे पडला आणि तोच कपडा बदलून मुसलमानांसाठी आला. त्याला उत्तर म्हणून एक देश पाहा, आणि त्याची वाटही पोर्तुगालच्या अंगणातून जाते. पोर्तुगाल वसाहती सोडत असताना डिसेंबर १९७५ मध्ये पूर्व तिमोर या चिमुकल्या प्रदेशात इंडोनेशियाचा हुकूमशहा जनरल सुहार्तो याने सैन्य घुसवलं. लिस्बनच्या सुटकेची किंमत तिमोरने चोवीस वर्षं मोजली. पण २१ मे १९९८ ला सुहार्तो पडला. जून १९९९ मध्ये इंडोनेशियात मोकळी निवडणूक झाली, ४८ पक्ष उतरले. ऑगस्टमध्ये तिमोरने मतदान करून स्वातंत्र्य निवडलं. अब्दुर्रहमान वाहिद हे मोठ्या धार्मिक संघटनेचे नेते राष्ट्राध्यक्ष झाले आणि २००१ मध्ये प्रतिनिधी सभेने हटवल्यावर पायउतारही झाले. २००४ मध्ये संसदेतल्या सैन्याच्या राखीव जागा संपल्या. जगात सर्वाधिक मुसलमान लोकशाहीत राहतात असे देश मोजायचे तर इंडोनेशिया आणि आपला भारत आधी मोजावे लागतील.

म्हणून गुरुजी, माझं उत्तर असं, की लोकशाही कुणाच्या रक्तात नसते आणि कुणाच्या रक्तात विषासारखी बाधतही नाही. झिया मुसलमान होते म्हणून हुकूमशहा झाले असं म्हणायचं, तर सालाझार आणि फ्रँको यांचं काय करायचं? आणि माझ्या समाजातल्या माणसांनाही मी सांगतो, की सगळा दोष बाहेरच्यांचा असं म्हणून सुटता येणार नाही. दिलेलं वचन मोडणाऱ्या जनरलला आपण तेव्हा काय म्हणालो, हेही आठवावं लागेल. पाहायचं ते एवढंच, की ज्याच्या हाती बळ आहे तो तारीख पाळतो का, हरलेला उठून जातो का आणि शिपाई चुकीच्या हुकमाला नाही म्हणतो का.

अर्थात, हिशेब कुठेच कायमचा मिटत नाही. मार्च २०२४ मध्ये, क्रांतीची पन्नाशी साजरी होण्याच्या महिनाभर आधी, पोर्तुगालच्या २३० जागांच्या संसदेत कडव्या उजव्या पक्षाच्या ५० जागा आल्या. त्याच वर्षी इंडोनेशियात सुहार्तोचा एकेकाळचा जावई, माजी जनरल प्रबोवो, निवडून राष्ट्राध्यक्ष झाला आणि २०२५ मध्ये सैन्याधिकाऱ्यांना आणखी नागरी पदं खुली करणारा कायदा तिथे झाला. हे सगळं मतपेटीतून झालं आहे. लोकशाही येताना रेडिओवर गाणं लागलं होतं. ती जाताना मात्र कसलाच आवाज होत नाही, म्हणून कान उघडे ठेवायचे.

ते गाणं पोर्तुगालमध्ये दर २५ एप्रिलला अजूनही म्हणतात. मी कधीतरी रात्री ते लावतो. सुरुवातीला नुसती पावलं ऐकू येतात, खडीवर पडणारी, बरीच माणसं एकत्र चालत असल्यासारखी. आमच्या आळीतल्या त्या रेडिओभोवती बसलेली माणसं मग डोळ्यांसमोर येतात आणि त्या काकांचा प्रश्न कानात घुमतो. तो प्रश्न दर निवडणुकीनंतर विचारावा, प्रत्येक देशात विचारावा, असं मला वाटतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)